खत दुकानांतलें कीं खाचरांतलें?

मृगाचा पाऊस लागला, आवणी उरकली आणि खाचरांत पाणी साचून राहिलें, म्हणजे आठ-पंधरा दिवसांत त्या पाण्यावर व चिखलावर एक हिरवट, बुळबुळीत थर दिसूं लागतो. आमचा शेतकरी त्याकडे पाहतो, पाय घसरला तर त्याला दोन शिव्या देतो, आणि घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन युरियाच्या गोणीसाठीं तालुक्याच्या दुकानापुढें रांगेंत उभा राहण्यास निघून जातो. ज्याला तो शिव्या देतो तें पुष्कळदां फुकटचें खत असतें. आणि ज्यासाठीं तो रांग लावतो त्यांतलें निम्म्याहून अधिक नत्र त्याच्या पिकाच्या तोंडीं न लागतां हवेंत उडून किंवा पाण्याबरोबर वाहून जातें. हा उलटा व्यवहार आमच्या भातकरी बांधवांनीं एकदां नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठींच आजचा हा लेख आहे.

पिकाला नत्र लागतें ही गोष्ट आतां शाळेंतला पोरगाही सांगेल. आपण ज्या हवेंत श्वास घेतों तिच्या शंभर भागांपैकीं ७८ भाग नत्राचेच आहेत. म्हणजे प्रत्येक खाचराच्या डोक्यावर नत्राची कणगी भरलेली आहे. पण तिचें तोंड भाताच्या रोपाला उघडतां येत नाहीं. सावकाराच्या ओटीवर धान्याचे ढीग असावे आणि दाराशीं कूळ उपाशी बसावें, तशांतला हा प्रकार. ही कणगी उघडणारे मुख्यत्वें दोघे. एक कारखानदार, तो नैसर्गिक वायू खर्चून, मोठी उष्णता व दाब देऊन, हवेंतल्या नत्राचा युरिया बनवितो. दुसरे ते डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, जे हेंच काम गाजावाजा न करतां फुकट करितात. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत ते राहतात हें पुष्कळांस ठाऊक आहे. भाताच्या साचलेल्या पाण्यांत हें काम निळें-हिरवें शेवाळ करितें. अनाबिना, नोस्टॉक, ऑलोसिरा, टॉलिपोथ्रिक्स अशीं त्याच्या जातींचीं शास्त्रीय नांवें आहेत. तीं पाठ करण्याची गरज नाहीं. सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें तर हें शेवाळ मण्यांच्या माळेसारखें दिसतें, आणि त्या माळेंत मधून मधून एक जाड कवचाचा मणी असतो. हवेंतलें नत्र पकडण्याचें काम त्या मण्यांत चालतें. पुढें शेवाळ मरून कुजलें कीं तें नत्र चिखलांत उतरतें व भाताच्या मुळांस मिळतें.

येथें एक गोष्ट आधींच सांगून ठेवतों. पाण्यावर दिसणारें प्रत्येक हिरवें म्हणजे हें शेवाळ नव्हे. हिरव्यागार रेशमी धाग्यांचे लांबच लांब पुंजके धरणारें शेवाळ निराळें. तें हवेंतलें नत्र घेत नाहीं. उलट कोंवळ्या रोपांस वेढून त्यांची वाढ खुंटवितें. तें काढून बांधावर टाकावें हेंच योग्य. आमच्या कामाचें शेवाळ बहुधा काळपट निळसर-हिरवें असतें, चिखलाला सालीसारखें चिकटतें आणि वाळलें कीं त्याच्या पापड्या सुटतात. ओळख पटत नसेल तर जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत नमुना दाखवावा; विचारण्यांत कमीपणा कसला?

हें ज्ञान आजचें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनींत भात घेतला जातो, खत जवळ जवळ पडत नाहीं, तरी पीक अगदींच बुडत नाहीं, याचें कोडें शास्त्रज्ञांना पडलें होतें. १९३९ सालीं पी. के. दे या भारतीय शास्त्रज्ञानें प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, खाचरांतील नत्राची भरपाई करण्यांत मोठा वांटा या निळ्या-हिरव्या शेवाळाचा आहे. १९५० सालीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांतील आर. एन. सिंह यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, उत्तरेकडील उसर म्हणजे खारट-चोपण जमिनींना बांध घालून, पाणी साचवून, त्यांत शेवाळ वाढविलें तर त्या जमिनी सुधारतां येतात. पुढें दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत जी. एस. वेंकटरामन यांनीं शेतकऱ्याला आपल्या अंगणांत हें खत तयार करतां यावें म्हणून सोपी रीत बसविली, व १९७२ सालीं त्या विषयावर पुस्तकही लिहिलें.

म्हणजे पहिल्या शोधाला आतां ८० हून अधिक वर्षें झालीं. मग आमच्या पेण-पनवेलच्या, दापोली-मंडणगडच्या आणि तिकडे भंडारा-गोंदियाच्या भातकऱ्यांपैकीं कितीजणांच्या कानांवर ही गोष्ट गेली आहे? हा दोष त्यांच्या बुद्धीचा म्हणावा काय? ज्यानें डोंगराच्या उतारावर हातानें दगड रचून खाचरें उभीं केलीं तो अडाणी नव्हे. शोध इंग्रजींत छापला गेला, इंग्रजींत वाचला गेला, त्यावर इंग्रजींत पदव्या मिळाल्या. आणि ज्याच्या पायाखालीं तें शेवाळ होतें त्याला मात्र कोणी हाक मारली नाहीं. विद्या वरच्या मजल्यावर कोंडून ठेवली कीं खालच्या मजल्यावर दारिद्र्य कसें नांदतें, याचें हें ढळढळीत उदाहरण आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत जमिनीच्या कसाचा विचार मोठ्या कळकळीनें केलेला आहे. पावसाचें पाणी शेतांत मुरून मग नाल्यास मिळावें असे बांध घाला, नदी-नाल्यांत व तलावांत सांचलेला गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्या, गायरानें गांवांस परत करा, असें त्यांचें मागणें होतें. कसदार माती वाहून गेली कीं शेतकरी कर्जांत बुडतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. गाळाचें हेंच मागणें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नांवानें सरकारी योजना होऊन येण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. मध्यें गेलीं १३४ वर्षें! शेवाळाच्या गोष्टीस तितकीं वर्षें लागूं नयेत, अशी आमची इच्छा आहे.

आतां हिशेब पाहूं. वाळविलेलें शेवाळखत हेक्टरीं १० किलो, म्हणजे एकरीं ४ किलो, म्हणजे गुंठ्याला १०० ग्रॅम लागतें. तें नीट वाढलें तर एका हंगामांत हेक्टरीं २० ते ३० किलो, म्हणजे एकरीं ८ ते १२ किलो नत्र जमिनीस मिळूं शकतें. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र. तेव्हां ४५ किलोच्या गोणींत सुमारें २१ किलो नत्र झालें. याचा अर्थ, एकरीं सुमारें अर्धी गोणी युरिया वांचतो. याहून मोठी लालूच कोणी दाखविली तर ती थाप समजावी.

यावर एखादा चतुर शेतकरी विचारील, “अहो, सरकारी भावानें गोणी २६६ रुपये ५० पैशांस मिळते. अर्ध्या गोणीच्या सव्वाशें-दीडशें रुपयांसाठीं हा खटाटोप कोणी करावा?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देण्याची आमची इच्छा नाहीं. पहिलें उत्तर असें कीं, हा भाव युरियाची खरी किंमत नव्हे. फरकाची रक्कम सरकारी खजिन्यांतून भरली जाते, आणि युरिया ज्या वायूपासून होतो त्याचा मोठा भाग आपण परदेशांतून आणतों. तिकडे लढाई पेटली कीं इकडे गोणी दुर्मिळ होते. २०१० सालीं स्फुरद व पालाश यांच्या खतांचे भाव मोकळे केले गेले, युरियाचा तेवढा बांधलेला राहिला. तेव्हांपासून शेतकरी स्वस्त म्हणून युरियाच ओतूं लागला आणि जमिनीच्या अन्नाचा तोल आणखीच बिघडला. दुसरें उत्तर असें कीं, ऐन आवणीच्या वेळीं गोणी पाहिजे असेल तर ‘हें औषध घ्या, ती बाटली घ्या, तरच युरिया मिळेल’ अशी अडवणूक ठिकठिकाणीं होते. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण दुकानदार चांगली ओळखून असतो. ज्याची गरज अर्ध्या गोणीनें कमी झाली, त्याची मान तेवढी तरी ताठ राहील.

परंतु तिसरें उत्तर सर्वांत महत्त्वाचें आहे. युरिया पिकाला नत्र देतो, जमिनीला कांहीं देत नाहीं. शेवाळ कुजून त्याचा सेंद्रिय अंश मातींत मिसळतो. त्याच्या अंगचा चिकट डिंकासारखा पदार्थ मातीचे कण बांधून धरतो. जिवंत असतांना तें पाण्यांत प्राणवायू सोडतें. यानें एका वर्षांत जमीन सोन्याची होत नाहीं. पण चार-पांच हंगाम नेमानें घातलें तर जमिनींत तें स्वतःच वस्ती करून राहूं शकतें. एक गोष्ट विकत घेऊन संपते, दुसरी रुजून वाढते. दोहोंत शहाण्यानें कोणती जोडावी हें सांगणें नको.

आतां करण्याची रीत. ऊन भरपूर पडेल अशा जागीं दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्यांत प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा. आठ-दहा किलो चाळलेली माती व २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट त्यांत पसरावें. कोंकणांतील जांभ्या जमिनीची माती आम्ल असते, सबब तींत थोडी चुन्याची भुकटी मिसळावी. मग चार बोटें पाणी भरून, ढवळून, रात्रभर निवळूं द्यावें. सकाळीं निवळलेल्या पाण्यावर खात्रीच्या जागेहून आणलेलें शेवाळाचें बियाणें भुरभुरावें. त्यानंतर ढवळूं नये. पाणी आटूं लागल्यास हलकेंच भर घालावी. उन्हाच्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांत जाड साय धरते. मग पाणी पूर्ण आटूं द्यावें. पापड्या सुटतात, त्या गोळा करून कोरड्या पिशवींत, खतें-औषधें यांपासून दूर ठेवाव्या. एका वेळेस दीड-दोन किलो माल निघतो. थोडें सुपर फॉस्फेट घालून त्याच मातीवर आणखी दोन पाळ्या घेतां येतात. म्हणजे एका खड्ड्यांत एका एकराची बेगमी होते.

पुस्तकांत हें काम उन्हाळ्यांत करण्यास सांगतात. पण उन्हाळ्यांत आमच्या वाडीवस्तीवर पिण्याच्या पाण्याची काय दशा असते, हें पुस्तक लिहिणाऱ्यास कोठून कळावें? असा एक खड्डा भरावयास बारा-पंधरा घागरी पाणी लागतें, आणि आटेल तसें पुनः घालावें लागतें. चैत्र-वैशाखांत त्या घागरी कोणाच्या डोक्यावर येणार? घरच्या बाईच्याच. तेव्हां आमचें सांगणें असें कीं, हें काम दिवाळीच्या सुमारास, पऱ्ह्याला पाणी आहे आणि ऊन स्वच्छ आहे तोंच उरकावें. वाळलेल्या पापड्या पुढच्या आवणीपर्यंत खुशाल टिकतात. दुसरें, खड्ड्यांतल्या पाण्यांत डांसांची पैदास होते. म्हणून वर जुन्या मच्छरदाणीचें कापड ताणून बांधावें. जमिनीला खत आणि पोरांना हिंवताप, असा सौदा कोणी करूं नये.

वापरण्याची रीत याहून सोपी. आवणीनंतर सातव्या-आठव्या दिवशीं, खाचरांत पाणी उभें असतांना, पापड्यांचा चुरा करून सारखा फेंकावा, आणि पुढें दहा दिवस तरी पाणी तुटूं देऊं नये. थोडें अधिक पडलें तरी नुकसान नाहीं. स्फुरदाची मात्रा चुकवूं नये, कारण शेवाळालाही स्फुरद लागतें. युरिया एकदम बंद करूं नये. पहिल्या वर्षीं अर्ध्या गोणीपुरताच हात आंखडावा. मात्र शेवाळ टाकलें त्याच दिवशीं वर युरियाची फेंक करूं नये. पाण्यांत तयार नत्र आयतें मिळालें कीं शेवाळ हवेंतलें नत्र पकडण्याचें काम सोडून देतें. आयतें मिळालें म्हणजे आळस येतो, हा नियम माणसापुरताच नाहीं!

या खताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. न सांगणें ही फसवणूक होईल. ही रीत पाणी साचणाऱ्या भाताची आहे. वरकस जमिनीवरील नाचणी-वरीला, कीं पाणी तुटणाऱ्या माळावरील खाचराला तिचा भरंवसा धरूं नये. तणनाशकें व कांहीं कीटकनाशकें शेवाळाला मारतात. पाण्यांतील गोगलगाई व बारीक किडे तें फस्त करितात. पाऊस दिवसचे दिवस काळाकुट्ट राहिला तर तें वाढत नाहीं. म्हणूनच एका गांवीं उत्तम गुण आला आणि शेजारच्या गांवीं कांहींच दिसलें नाहीं, असें होतें. शिवाय बियाणें मेलेलें असेल तर सगळाच उपद्व्याप फुकट. ‘शेवाळाचें खत’ असें छापलेलें सुंदर पाकीट दिसलें म्हणून भुलूं नये; पाकिटावरचें चित्र खाचरांत नत्र सोडीत नाहीं.

तळ्यांतलें शेवाळ काढून त्याचें कंपोस्ट करतां येईल काय, असेंही कांहीं वाचक विचारतील. येईल, पण तळें पाहून. विदर्भांत कोहळी समाजाच्या हातांनीं बांधलेले जुने तलाव आहेत. जमीनदारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणूं लागले. असल्या स्वच्छ पाण्याच्या तलावांतलें शेवाळ, पाणवनस्पति व तळचा गाळ हें सारें खतच आहे. नुसतें शेवाळ मात्र ढीग घालून ठेवूं नये. तें ओलें व नत्रानें भरलेलें असल्यामुळें कुजून घाण सुटते. एक थर शेवाळ, दोन थर वाळला पाला किंवा पेंढ्याचा चुरा, वर शेणकाला, असा ढीग रचून पंधरा दिवसांनीं उलटावा. कोंकणांत राबासाठीं जो पाला आपण जाळून टाकतों, त्यांतला थोडा या कामीं राखला तरी पुष्कळ. उलट, ज्या तळ्यांत शहराचीं गटारें व कारखान्यांचें पाणी येऊन पडतें, तेथला हिरवा फेस घरीं आणूं नये. त्यांत विषारी जातीचें शेवाळ असूं शकतें; तें पाणी पिऊन गुरें दगावतात. ज्यांनीं तळें नासविलें त्यांनींच तें साफ करावें. त्यांची घाण ‘खत’ म्हणून शेतकऱ्याच्या गळ्यांत मारण्याचा प्रयत्न कोणी केला, तर त्याला गांवाच्या शिवेवरच अडवावें.

आमचीं मागणीं थोडींच आहेत. दापोली व अकोला येथील कृषि विद्यापीठांनीं शेवाळाचें जिवंत, पारखलेलें बियाणें दरवर्षीं दिवाळीपूर्वीं प्रत्येक भातकरी तालुक्याला पोंचवावें. रीत सोप्या मराठींत, चित्रांसह, चार पानांत छापून ग्रामपंचायतींत लावावी. आणि शिकविण्याचा वर्ग भरवावयाचा तो पुढाऱ्यांच्या सभागृहांत नव्हे, तर खाचराच्या बांधावर. आणि त्यांत पहिला मान बायकांचा. कंबर मोडेपर्यंत वांकून आवणी त्या करितात, पाणी त्या वाहतात, आणि शेतीचें शिक्षण मात्र सदरा-टोपीवाल्यास, हा कोठला न्याय?

शेतकरी बंधुभगिनींनो, सरकार हें सारें करील तेव्हां करील. तुम्ही तोंवर थांबूं नका. कृषि विज्ञान केंद्रांत जाऊन बियाण्याची चौकशी करा. वाडींतल्या पांच घरांनीं मिळून एक खड्डा करा. येत्या आवणीला शेजारशेजारचीं दोन सारखीं खाचरें निवडा. एकांत शेवाळ घालून युरिया कमी करा, दुसरें रोजच्या रीतीनें ठेवा. झोडणी होईल तेव्हां दोहोंचें भात वेगवेगळें मापा आणि तो आंकडा वहींत लिहून ठेवा. असें तीन वर्षें करा. शास्त्रज्ञानें सांगितलें म्हणून मानूं नका, दुकानदारानें हंसून टाळलें म्हणून सोडूं नका, आणि आम्ही लिहितों म्हणून तर मुळींच विश्वास ठेवूं नका. पोथी कोणाचीही असो, ती मापानें पारखून घ्यावी, हीच खरी विद्या. पायलीनें जें उत्तर दिलें तें आपलें खरें. आणि तें आम्हांस कळविलें, तर चांगलें असो वा वाईट, आम्ही तें याच जागीं छापूं.